मशीन आलं, मेकॅनिकचं काय?



शाळेला कॉम्प्युटर संच मिळाले, ग्रामपंचायतीत नवा प्रिंटर आला, अशा बातम्या आपण नेहमी वाचतो. हार घालतात, नारळ फोडतात, फोटो निघतो. पण तोच प्रिंटर आठ महिन्यांनी बंद पडला आणि दुरुस्त होऊन परत आला, अशी बातमी कोणी वाचली का? दुरुस्तीचा कार्यक्रम होत नाही, म्हणून तिच्यासाठी पैसाही वेगळा ठेवला जात नाही. मशीन कपाटाशेजारी जातं, वरून कापड टाकलं जातं आणि पुढच्या वर्षी नवीन मागणी जाते.

मी पातुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. दुकानात आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, काहून बंद पडलं हे? अजून वर्ष नाही झालं." आणि दुसरा, "कंपनीवाले काही करत नाहीत का?" दुसऱ्या प्रश्नाला इतिहास आहे, तो आज जरा सविस्तर सांगतो. पोस्ट मोठी आहे. पण पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, पीक विमा, सातबारा, अंगणवाडीतल्या लेकरांचं वजन, सगळं आता मशीनवर आहे. म्हणून वाचाच.

सुरुवात मुंबईपासून. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, टीआयएफआर. तिथं १९५० च्या दशकात आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण इंजिनिअरांनी स्वतःच एक कॉम्प्युटर बांधला. १९६० मध्ये तो पूर्णपणे कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. त्यात २७०० व्हॅक्यूम ट्यूब, १७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. दुरुस्तीवाल्याच्या नजरेनं हे आकडे पाहा. व्हॅक्यूम ट्यूब म्हणजे बल्बसारखी वस्तू, ती तापते आणि जाते. २७०० ट्यूब असल्या की त्यातली एखादी कधीही जाऊ शकते. म्हणजे मशीन बिघडणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण बांधणारे आणि चालवणारे एकाच इमारतीत होते. नकाशा त्यांच्याकडे होता, सोल्डरिंग त्यांच्या हातचं होतं. कोणत्या कंपनीला फोन लावायचा हा प्रश्नच नव्हता.

टिफ्रॅक तयार होईपर्यंत जग पुढे गेलं होतं, ट्रान्झिस्टरची मशीनं आली होती. आपलं मशीन त्या मानानं जुनं होतं, हे खरं. पण ते बांधताना जी माणसं तयार झाली, ती जुनी झाली नाहीत.

त्याच काळात आयबीएम ही अमेरिकी कंपनी भारतात पाय रोवून होती. तिचं '१४०१' नावाचं मशीन १९५९ साली जाहीर झालं. भारतात व्यापारी कामासाठी ते पहिल्यांदा १९६१ मध्ये मुंबईच्या एस्सो तेल कंपनीत बसलं. पुढे रेल्वेत, मोठ्या कारखान्यांत, सरकारी संस्थांत ही मशीनं आली. आयबीएमची पद्धत भाड्याची होती. मशीन कंपनीच्या मालकीचं, आपण दर महिन्याला भाडं भरायचं, बिघडलं तर कंपनीचा इंजिनिअर येणार.

ऐकायला पद्धत चांगली वाटते. खरं सांगायचं तर आयबीएमच्या इंजिनिअरांच्या सेवेबद्दल गिऱ्हाइकांचं मत चांगलंच होतं. दुखणं दुसरीकडे होतं. परदेशात ज्यांचा वापर संपला, अशी १४०१ मशीनं इकडे आणायची, इथल्या कारखान्यात साफसूफ करून, सुटे भाग बदलून पुन्हा भाड्यानं द्यायची, असा तो व्यवहार होता. अमेरिकेत १९७१ मध्ये कंपनीनं १४०१ ची विक्री बंद केली. इकडे मात्र त्याच पिढीच्या मशीनचं भाडं आपण त्यानंतरही डॉलरच्या टंचाईत भरत होतो. दुसऱ्याच्या वापरातून निघालेलं मशीन आपल्याकडे 'नवीन' म्हणून येतं, ही गोष्ट आजची नाही, साठ वर्षांपूर्वीची आहे.

सरकारचं म्हणणं होतं की कंपनीनं भारतीयांना मालकीत वाटा द्यावा. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानं, म्हणजे 'फेरा'नं, परदेशी मालकी बहुतेक ठिकाणी ४० टक्क्यांपर्यंत आणायची ठरलं. मालकी वाटून घेणं आयबीएमच्या धोरणात बसत नव्हतं. जनता पक्षाचं सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, वाटाघाटी फिसकटल्या आणि १९७८ मध्ये कंपनीनं भारतातून गाशा गुंडाळला. कोका-कोला गेल्याची आठवण बऱ्याच जणांना आहे. पण कोका-कोला गेलं तर माणूस लिंबू सरबत पिऊ शकतो. कॉम्प्युटर कंपनी गेली तर रेल्वेचे हिशोब कोण करणार, पगारपत्रकं कोण काढणार? मशीनं इथंच राहणार होती आणि त्यांना बनवणारा निघून चालला होता.

या धोक्याचा विचार आधीच झाला होता. डिसेंबर १९७५ मध्ये सरकारनं 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन' नावाची कंपनी स्थापन केली होती, म्हणजे आपली सीएमसी. नावातच मेंटेनन्स आहे, हे लक्षात घ्या. कॉम्प्युटर विकायला नाही, तर सांभाळायला काढलेली ही सरकारी कंपनी. आयबीएम गेल्यावर देशभरातल्या तिच्या सुमारे ८०० मशीनसंचांच्या देखभालीचं काम सीएमसीकडे आलं. आयबीएममध्ये काम केलेले काही भारतीय इंजिनिअर तिच्यात आले, तर काहींनी मिळून आयडीएम ही वेगळी कंपनी काढली.

कंपनी गेली तर सगळं ठप्प होईल ही भीती खरी ठरली नाही. मशीनं चालू राहिली. सीएमसीनं एकाच कंपनीच्या मशीनवर न थांबता वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं सांभाळायला घेतली. आणि देखभाल करता करता हे लोक एवढे तयार झाले, की रेल्वे आरक्षणाची पहिली कॉम्प्युटर व्यवस्था १९८० च्या दशकाच्या मध्यात दिल्लीत सीएमसीनंच उभी केली. मुंबई शेअर बाजाराची १९९५ ची 'बोल्ट' ही संगणकीय व्यवहार पद्धतही तिनंच बनवली. पुढे २००१ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. आज आपण तिकीट काढताना ज्या व्यवस्थेचा वारसा वापरतो, तो दुरुस्तीवाल्यांच्या कंपनीतून आला आहे. आपल्या पोरांना हे माहीत नसतं. दुरुस्ती म्हणजे कमी शिकलेल्याचं काम, असं अजूनही घराघरात बोललं जातं.

यावरून परदेशी वाईट आणि स्वदेशी चांगलं, असा सरळ हिशोब मात्र काढू नका. ईसीआयएल या हैदराबादच्या सरकारी कंपनीकडे त्या काळी देशात कॉम्प्युटर बनवण्याची मुख्य जबाबदारी होती, आणि तिच्यावरही उशिराची, मागे पडलेल्या तंत्राची टीका झालीच. प्रश्न कंपनीच्या देशाचा कधीच नव्हता. बिघाड झाला तर जबाबदार कोण, सुटे भाग कुठून येणार आणि दुरुस्तीचं ज्ञान कोणाजवळ आहे, हे तीन प्रश्न होते. आजही तेच आहेत.

आता थोडं आमच्या टेबलावरचं. २००३ च्या पुढे काही वर्षं मदरबोर्डची एक साथच आली होती. बोर्डावर कपॅसिटर नावाचे बारीक डबे असतात, वीज साठवून सारखी सोडायचं त्यांचं काम. ते डोक्यावर फुगायचे, कधी तपकिरी द्रव सांडायचा आणि कॉम्प्युटर मध्येच बंद व्हायचा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोर्डात हा दोष निघाला, जगभर निघाला. डेल कंपनीनं २००५ मध्ये अशा सदोष मशीनच्या दुरुस्तीपोटी ३० कोटी डॉलरचा बोजा हिशोबात धरला. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात कागदपत्रं उघड झाली. मे २००३ ते जुलै २००५ या काळात पाठवलेली किमान १ कोटी १८ लाख मशीनं बिघडण्याचा धोका होता, असं त्यात दिसलं. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले कॉम्प्युटर बंद पडू लागले, तेव्हा कंपनीनं काय कारण दिलं असेल? तुम्ही त्यांना फार अवघड गणितं करायला लावली, त्याचा ताण आला!

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आपल्याला वेगळं काय सांगतात? "तुमच्याकडं लाइट कमी-जास्त होते", "तुमच्याकडं धूळ लय आहे", "तुमच्याकडं गर्मी आहे". बरं, हे सगळं आहेच. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, व्होल्टेज नाचतं, उन्हाळ्यात धूळ घरात येते. पण विकताना हे हवामान कंपनीला माहीत नव्हतं का? जे मशीन वऱ्हाडात विकता, ते वऱ्हाडात चाललं पाहिजे. गिऱ्हाइकावर दोष टाकायची ही पद्धत अमेरिकेत चालली नाही, कारण तिथं कोणीतरी कागद जपून ठेवले आणि कोर्टात गेलं.

आता गावाकडे येतो. महाराष्ट्रात २०११ पासून 'संग्राम' प्रकल्पात ग्रामपंचायतींमध्ये कॉम्प्युटर आले. पुढे त्याची जागा 'आपले सरकार सेवा केंद्रा'नं घेतली. दाखले गावातच मिळू लागले, ही मोठी सोय झाली, ती नाकारता येणार नाही. पण यूपीएसची बॅटरी संपली तर नवीन कोणत्या हेडमधून घ्यायची, यावर महिने गेलेले मी पाहिले आहेत. बॅटरी नाही म्हणून यूपीएस बंद, यूपीएस बंद म्हणून कॉम्प्युटर थेट लाइटवर, आणि एक दिवस पॉवर सप्लाय जळतो. छोट्या खर्चाची मंजुरी अडली म्हणून मोठा खर्च उभा राहतो. दरम्यान ज्याला दाखला पाहिजे तो गाडीत बसून अकोल्याला जातो. त्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोणत्याच हिशोबात येत नाही.

सगळ्यात ठळक उदाहरण मात्र अंगणवाडीचं आहे आणि ते आपल्या डोळ्यांसमोर घडलं. मोबाईल हासुद्धा हातातला कॉम्प्युटरच आहे. राज्यात १ लाख १० हजारांच्या घरात अंगणवाड्या आहेत. पूर्वी सेविकांकडे ११ रजिस्टरं असायची. लेकरांचं वजन, उंची, गरोदर बायांची नोंद, आहाराचं वाटप, सगळं हातानं. पोषण अभियानात हे काम मोबाईलवर आलं आणि २०१९ च्या सुमारास सेविकांना सरकारी स्मार्टफोन मिळाले. त्यांची रॅम होती २ जीबी. मार्च २०२१ मध्ये केंद्रानं 'पोषण ट्रॅकर' हे नवीन ॲप आणलं. ते जड होतं आणि सुरुवातीला इंग्रजीत होतं. फोन हँग व्हायचे, तापायचे. २०२१ च्या मध्यापर्यंत वॉरंटीची मुदतही सरली होती आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांकडूनच मागितला जातो, अशी संघटनांची तक्रार होती. तेव्हा सेविकेचं मानधन ८,३२५ रुपये होतं. त्यातून सरकारी फोनची दुरुस्ती करायची, म्हणजे घरचं खाऊन सरकारचं मशीन सांभाळायचं.

मग ऑगस्ट २०२१ मध्ये या बायांनी जे केलं, त्याला मी आपल्या राज्यातल्या कॉम्प्युटर इतिहासातली महत्त्वाची घटना मानतो. राज्यभरात हजारो सेविकांनी आपापल्या प्रकल्प कार्यालयांत जाऊन फोन सरकारला परत केले. मोडतोड नाही, दगडफेक नाही. "हे मशीन चालत नाही, हे घ्या तुमचं" एवढंच. काम नाकारलं नव्हतं, रजिस्टरं चालूच होती. चांगला फोन द्या, ॲप मराठीत द्या आणि दुरुस्तीचा भार आमच्यावर टाकू नका, एवढी मागणी होती. २० फेब्रुवारी २०२३ पासून त्यांनी संप केला, त्यातही नव्या मोबाईलची मागणी होतीच. त्यानंतरच्या अर्थसंकल्पात सेविकांचं मानधन १० हजार रुपये झालं.

या आंदोलनाची काही जणांनी टिंगल केली. बायांना मोबाईल वापरता येत नाही, म्हणून परत करतात, असं बोललं गेलं. मला हे टेक्सासच्या अवघड गणितांसारखंच वाटतं. बिघाड मशीनमध्ये असतो आणि दोष वापरणाऱ्याच्या माथी येतो. त्यातून वापरणारी बाई असली, गावातली असली, तर विचारूच नका. २ जीबीच्या फोनवर जड ॲप टाकलं तर तो हँग होणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. अंगणवाडीच्या फोनवर एखाद्या लेकराचं वजन वेळेत चढलं नाही, तर ते कुपोषित आहे हे वरच्या यादीत दिसतच नाही. मशीनच्या बिघाडाची खरी किंमत ही आहे.

आता या इतिहासातून आपल्या कामाचं काय ते पाहू. १९७५ मध्ये सरकारनं मशीन सांभाळण्यासाठी वेगळी संस्था काढली, कारण तेव्हा बिघाड रेल्वेचा आणि मोठ्या कारखान्यांचा होता. २०२१ मध्ये बिघाड अंगणवाडी सेविकेचा होता, तर दुरुस्ती तिच्यावरच ढकलली गेली. मधल्या काळात मशीन स्वस्त झालं, गावोगाव पोहोचलं, पण देखभालीची जबाबदारी वरून खाली सरकत सरकत सगळ्यात कमी पैसे मिळवणाऱ्या माणसाच्या गळ्यात येऊन पडली. माझं म्हणणं एवढंच आहे.

कायद्याची बाजू आता आधीपेक्षा बरी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. आता तक्रार करायला कंपनीच्या गावी जावं लागत नाही. तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे आपल्यासाठी अकोल्याला, तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवायला घेतलेला कॉम्प्युटर असेल, तर झेरॉक्सवाला किंवा ऑनलाइन फॉर्म भरणारा पोरगाही ग्राहकच धरला जातो. आयोगात जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहा, बरेच वाद तिथंच मिटतात. केंद्रानं २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि सेवा केंद्रांचे पत्ते कंपन्यांनी तिथं द्यावेत, असा हेतू आहे. कायद्याची खरी सक्ती मात्र अजून यायची आहे.

घरच्या मशीनसाठी माझा सल्ला साधा आहे. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. कंपनीला फोन केला की तक्रार क्रमांक आणि तारीख वहीत टिपा. "दोन दिवसात माणूस येईल" हे तोंडी नको, मेसेजवर मागा. सर्व्हिस सेंटरला मशीन देताना जॉब शीट घेतल्याशिवाय निघू नका. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी बहुतेकांची बाजू खरी असते, पण कागद नसतो, म्हणून पुढे काही होत नाही.

आणि सार्वजनिक मशीनसाठी तीन प्रश्न आहेत. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत कोणीही उठून विचारू शकतो, शहरात राहत असाल तर नगर परिषदेला अर्ज देऊन विचारता येतं. पहिला, आपल्या शाळेत, ग्रामपंचायतीत, अंगणवाडीत आज किती कॉम्प्युटर, प्रिंटर, टॅब, मोबाईल आहेत आणि त्यातले चालू किती? दुसरा, त्यांच्या वॉरंटीची किंवा वार्षिक देखभाल कराराची मुदत कधी संपते आणि करारात किती दिवसांत दुरुस्ती लिहिली आहे? तिसरा, या वर्षीच्या अंदाजपत्रकात दुरुस्तीसाठी किती रुपये ठेवले आहेत? उत्तर तोंडी मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, फी १० रुपये आहे.

माझ्या धंद्याची जाहिरात करतोय असं कोणाला वाटेल, म्हणून स्पष्ट सांगतो. ही कामं मलाच द्या असं म्हणत नाही. पातूर, आलेगाव, चान्नी या भागात आयटीआय आणि डिप्लोमा झालेली कितीतरी पोरं घरी बसून आहेत. तालुक्याच्या सरकारी मशीनची देखभाल ठरलेल्या पैशात, ठरलेल्या मुदतीत अशा पोरांना दिली, तर मशीनही चालतील आणि पोरांच्या हातालाही काम मिळेल. सीएमसीत काम करणारे इंजिनिअरही कधीतरी कोणाच्या तरी बंद मशीनवर हात बसवूनच तयार झाले होते.

पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी केंद्राबाहेर रांग असते आणि आत मशीन बंद असतं, तेव्हा रांगेतला शेतकरी केंद्रवाल्या पोरावर ओरडतो. त्या दिवशी ओरडून उपयोग नसतो. ग्रामसभेत हे तीन प्रश्न आधी विचारले, तर त्या दिवशी मशीन चालू असायची शक्यता वाढते. आपल्या गावातली मशीनं मोजा, चालू किती आणि बंद किती ते लिहून ठेवा. आकडे जमले की आपण सगळे मिळून पंचायत समितीला निवेदन देऊ.